एप्रिलमधला गुणतक्ता

सन २०२४ च्या वसंतात आम्ही उभयता मुलाकडे, न्यू जर्सीतील एडिसन या गावी, तीन महिने मुक्कामास होतो. इंदूरहून नेलेली शेव, मेतकूट आणि लोणचे सूनबाईंनी हौसेने डब्यांत भरून ठेवले. परंतु चौदा वर्षांच्या नातवासाठी आमच्या पेटीतून काहीच निघाले नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच उमगले. मराठी त्याला सगळे समजते, बोलताना मात्र तो संकोचतो. आपण काही विचारावे, त्याने एका शब्दात उत्तर द्यावे आणि तेथेच संभाषण संपावे, असा क्रम चालला होता.

एके सकाळी तो न्याहारीच्या वेळी फोनकडे पाहत सुतकी चेहऱ्याने बसलेला दिसला.

"काय झाले रे?"

"आजोबा, मी दहावा आहे."

"किती जणांत?"

"दहांत."

मला वाटले, शाळेचा निकाल असावा. निघाले ते निराळेच. शाळेतील दहा मित्रांनी मिळून बेसबॉलची एक मानीव स्पर्धा मांडली होती. तिकडे तिला 'फँटसी बेसबॉल' म्हणतात. प्रत्येकाने मार्चअखेर खऱ्याखुऱ्या व्यावसायिक खेळाडूंतून आपापला कागदी संघ निवडायचा. पुढे सहा महिने ते खेळाडू आपापल्या खऱ्या संघांकडून जे काही करतील, ते यांच्या खाती जमा व्हायचे. फलंदाजीच्या पाच आणि गोलंदाजीच्या पाच अशा दहा बाबी. प्रत्येक बाबीत पहिल्याला १० गुण, शेवटच्याला १. स्पर्धा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते आणि चिरंजीव तळाशी बसले होते.

या खेळाची जन्मकथा मला मुलाने सांगितली. डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने १९८० साली आपल्या मित्रमंडळींसह त्याला आजचे रूप दिले. ही मंडळी न्यूयॉर्कमधील 'ला रोटिसरी फ्रांसेझ' या भोजनगृहात जमत, म्हणून खेळाचे नावही 'रोटिसरी' पडले. तेव्हा बाबी आठ होत्या आणि सगळा हिशेब छापील आकड्यांवरून हातानेच करावा लागे. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या उन्हाळ्यात, खेळाडूंच्या संपामुळे सामने बंद पडले. लिहायला विषय न उरलेल्या क्रीडालेखकांनी या मानीव खेळावर लिहिले आणि त्याचा बोलबाला झाला. ज्याने हा खेळ काढला, त्या ओक्रेंट यांना आपल्या त्या स्पर्धेत विजेतेपद काही मिळाले नाही. हे ऐकून मला त्या गृहस्थांविषयी आपुलकीच वाटली.

माझे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. दहावा असो की पहिला, आकडा दिसला की तो तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या संध्याकाळी मी पेन्सिल आणि कागद घेऊन नातवाशेजारी बसलो. पाहतो तो त्या तक्त्यात गंमतच होती! चोरलेल्या धावपट्ट्यांच्या बाबीत तिसऱ्या आणि आठव्या संघात अंतर होते अवघ्या तीनांचे. म्हणजे एका रात्रीत कुणी चपळाईने तीन पट्ट्या चोरल्या, तर चारपाच गुण इकडचे तिकडे व्हावेत. सरासरीची कथा तशीच. एव्हाना एकेका फलंदाजाच्या वाट्याला चाळीसेक पाळ्या आल्या होत्या. त्यांत १० फटके बसले तर सरासरी २५०. दैवयोगाने दोन अधिक बसले की तीच ३००, आणि मनुष्य थोर ठरला. हेच दोन फटके वर्षअखेरीस ५६० पाळ्यांत मिसळले, तर २५० ची होते फक्त २५४. नातवाच्या एका पिचरने चार डावांत सहा धावा दिल्या होत्या. नऊ डावांच्या हिशेबाने ते १३.५० झाले, आणि त्या एका वाईट रात्रीने अख्ख्या संघाचा आकडा बुडवला होता. मी त्याला म्हटले, "हा ताळेबंद नव्हे रे बाबा, ही नुसती कच्ची नोंद आहे." 'कच्ची नोंद' म्हणजे काय, ते समजावून सांगण्यात आणखी अर्धा तास गेला. त्याच्याशी एवढा वेळ बोलण्याचा मला तोवर योग आला नव्हता.

त्याची मुख्य चिंता होती फ्रान्सिस्को लिंडॉरची. न्यूयॉर्क मेट्स हा त्याचा लाडका संघ; तो त्या वर्षी पहिले ५ सामने ओळीने हरला होता आणि लिंडॉरची बॅट जणू झोपी गेली होती. एका मित्राने अदलाबदलीचा प्रस्ताव धाडला होता : लिंडॉर दे, आणि दहा दिवस तळपत असलेला माझा अमुक घे. उत्तर त्याला सकाळपर्यंत द्यायचे होते.

रात्री जेवणाच्या टेबलावर हाच विषय निघाला. मी आपल्या इंदूरची एक गोष्ट सांगितली. महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होते आणि १९४४-४५ च्या मोसमात ते होळकर संघाकडून रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळले. त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या. तरी होळकर संघ मुंबईकडून ३७४ धावांनी हरला. माझे वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी 'तरी' या शब्दावर थांबत. नातू मात्र खुशीत म्हणाला, "पण माझ्या लीगमध्ये कॉम्प्टन ज्याच्याकडे, तो जिंकला असता!" आमच्या घरात सत्तर वर्षे हळहळीने सांगितल्या गेलेल्या गोष्टीचा असा आनंदी अर्थ लागू शकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मग मुलाने आपली फजिती सांगितली. २००६ साली त्याच्या कचेरीतही अशीच स्पर्धा होती. डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टन याने त्या एप्रिलमध्ये १० होमरन मारले. भुलून जाऊन याने एक भरवशाचा खेळाडू देऊन शेल्टनला घेतले. वर्षअखेर शेल्टनची एकूण बेरीज भरली १६; जुलै संपता संपता तर त्याला खालच्या दर्जाच्या संघात पाठवण्यात आले होते.

"म्हणूनच म्हणतो, थांबावे," मी नातवाला म्हणालो. "दहा दिवसांवरून माणसाची पारख करू नये."

मुलगा पोळीचा तुकडा मोडत सहज बोलावे तसे बोलला, "माझ्या वेळी तुम्ही सहामाहीलाच निकाल लावला होता, बाबा."

आवाजात कडवटपणा नव्हता. १९८६ साली तो नववीत होता. सहामाही परीक्षेत गणितात ३८ गुण पडले आणि मी त्याचे मैदानावर जाणे बंद केले. बॅट माळ्यावर गेली. वार्षिक परीक्षेत ८१ मिळाले. पुढे तो इंजिनियर झाला, परदेशी आला. मी ही हकीकत पाहुण्यांना अनेकदा अभिमानाने सांगितली आहे. त्या ३८ आणि ८१ मध्ये मैदानाचा वाटा किती आणि नुसत्या दिवस जाण्याचा किती, हा हिशेब मात्र मी, एवढा आकड्यांतला माणूस, कधी मांडला नव्हता. आमच्या सौभाग्यवती उठून कोशिंबीर वाढू लागल्या. ती कुणालाही नको होती.

नातवाने फोन पालथा ठेवला. "बाबा, तू क्रिकेट खेळायचास?"

"ओपनिंगला जायचो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

पुढे ते दोघे बराच वेळ इंग्रजीत बोलत राहिले. सगळे माझ्या कानी आले नाही, आणि मी कान दिलाही नाही.

लिंडॉरची अदलाबदल झाली नाही. १२ एप्रिलला आम्ही तिघे दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. तो फलंदाजीला येताच मेट्सचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. काही पराक्रम केला म्हणून नव्हे. त्याचे चाललेले नव्हते, म्हणूनच! मैदानावर असा प्रकार मी पूर्वी पाहिला नव्हता. वर्षअखेर त्याच्या नावावर ३३ होमरन आणि २९ चोरलेल्या पट्ट्या जमा होत्या. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो शोहेई ओहतानीच्या पाठोपाठ दुसरा आला. मेट्सने १६२ पैकी ८९ सामने जिंकले. आमच्या नातवाचा संघ दहांत चौथा आला. पिचरांनी घात केला, असे त्याचे म्हणणे. माझ्या मते त्याने पिचर निवडलेच घाईने होते.

२०२५ च्या मार्चमध्ये, नव्या निवडीच्या आदल्या दिवशी, त्याचा इंदूरला फोन आला. यादी वाचून दाखवून झाल्यावर त्याने विचारले, "आजोबा, बाबाची सरासरी किती होती?"

शाळेच्या धाववह्या आता कोठून मिळणार? मी त्याला खरे तेच सांगितले, की मी मुलाचे दोनच सामने पाहिले होते. एकात तो शून्यावर बाद झाला, दुसऱ्यात २७ वर.

"दोन म्हणजे फारच कमी, आजोबा," तो म्हणाला.

मी होय म्हटले आणि फोन त्याच्या आजीकडे दिला.