साडेचार फुटांचा दावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमचे वडील नेहमी म्हणत. ते हयात होते तोवर आम्ही ती चढलो नाही. त्यांच्यामागे मात्र चढलो, आणि तीही कुणा परक्याविरुद्ध नव्हे, तर सख्ख्या काकूंविरुद्ध.

वडील आणि काका संगमनेरकडून पोटासाठी कल्याणास आले, रेल्वेत लागले आणि दोघांनी मिळून टिटवाळ्यास जमिनीचा एक तुकडा घेतला. काळू नदीकाठचे टिटवाळा तेव्हा गणपतीच्या देवळामुळे ओळखले जाणारे लहानसे गाव होते. 1974 साली दोघा भावांची वाटणी झाली. रस्त्याकडचा भाग आम्हांकडे आला, मागचा काकांकडे गेला. काकांच्या घरातून रस्त्यावर यायला आमच्या अंगणातून साडेचार फुटांची वाट होती. पस्तीस वर्षे ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. पुढे जमिनीला भाव आला आणि आम्हां भावांना कुंपणाची भिंत सुचली. काका तोवर वारले होते. काकू भिंतीला आडव्या आल्या. 2009 साली आम्ही कल्याणच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमासाठी दावा लावला.

त्यानंतरची सात वर्षे आम्ही तारखेला टिटवाळ्याहून लोकलने निघालो. आंबिवली, शहाड, कल्याण. पुष्कळदा काकूही त्याच गाडीत, बायकांच्या डब्यात असत. रविवारी मिस्सेत शांतिदानाच्या वेळी आम्ही दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे वळत असू.

कोर्ट म्हणजे काय, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. आम्हांस वाटे, न्यायाधीशांपुढे उभे राहावे, आपली कर्मकहाणी सांगावी आणि न्याय घेऊन यावे. प्रत्यक्षात कहाणीला तेथे क्रम असतो. वादीने दावा दाखल करायचा, मग प्रतिवादीला समन्स जाते. त्याने कैफियत द्यायची. कायद्याने त्यासाठी तीस दिवस दिले आहेत, आणि सबळ कारण असल्यास नव्वदपर्यंत. मग न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. त्यानंतर पुरावा: सरतपास हल्ली प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावा लागतो, उलटतपास मात्र समोरासमोर होतो. शेवटी युक्तिवाद, निकाल आणि हुकूमनामा. हरलेल्याला वर जिल्हा न्यायालयात अपिलाची वाट मोकळी असते.

दिरंगाईबद्दल आम्हीही चारचौघांत कुरकुर करीत असू. एकदा वकिलांनी प्रकरणाचा रोजनामा वाचायला दिला. प्रत्येक तारखेस काय घडले, हे त्यात थोडक्यात नोंदलेले असते. पाने उलटताना आमची मान खाली गेली. वादी गैरहजर, वादीचा मुदतीचा अर्ज, वादीने कागद दाखल केले नाहीत! सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, असा दिवाणी प्रक्रिया संहितेत नियम आहे. परंतु सुनावणीपर्यंत पोहोचण्याआधीच आम्ही वर्षे खाल्ली होती.

मधल्या काळात न्यायाधीशांची बदली झाली. नव्या न्यायाधीशांनी ना आमचे वडील पाहिले होते, ना ती वाट. त्यांच्यापुढे होते ते फक्त निशाणी क्रमांक घातलेले कागद. न्यायालयाची स्मृती कागदाची असते. जे कागदावर आले नाही, ते घडलेले असूनही तेथे उमटत नाही; आणि जे खोटे कागदावर गेले, त्याचा भार ते लिहून देणाऱ्याच्या अंगावर राहतो.

आमचा सारा दावा एका शब्दावर उभा होता: परवानगी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्काने वहिवाट केली, तर वाटेचा हक्क मिळतो. परंतु मालकाच्या परवानगीने चाललेल्या माणसाला तसा हक्क मिळत नाही. म्हणून आमच्या प्रतिज्ञापत्रात लिहिले गेले की, वडिलांनी काकांना प्रेमाखातर जाण्यायेण्याची परवानगी दिली होती. वाक्य वाचायला गोड होते. आम्ही सही केली.

उलटतपासाच्या दिवशी आम्ही पिंजऱ्यात उभे राहिलो. सिनेमात दाखवतात तसा ग्रंथावर हात ठेववीत नाहीत. 1969 च्या शपथ अधिनियमाप्रमाणे ईश्वराला स्मरून, किंवा ज्याला तसे नको त्याने प्रतिज्ञेवर, खरे सांगेन असे म्हणावे लागते. शपथ उच्चारताना छातीत काहीतरी हलले. काकूंच्या वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या होत्या. स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याची तरतूद 1987 च्या कायद्यात आहे. त्यांनी मराठीत, शांतपणे विचारले,

"परवानगी दिली तेव्हा आपण हजर होता का?"

"नाही."

"वडिलांनी तसे कधी आपल्याला सांगितले?"

समोरच्या बाकावर काकू पदर सावरून बसल्या होत्या. लूकच्या शुभवर्तमानातील न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणारी विधवा लहानपणापासून आमच्या परिचयाची. सात वर्षे आम्ही स्वतःस तिच्या जागी समजत आलो होतो. त्या क्षणी दिसले की ती विधवा समोर बसली आहे, आणि तिची वाट अडवणारे आम्ही आहोत.

"नाही," आम्ही म्हणालो. "भावाने भावाकडे वाटेची परवानगी कशाला मागावी?"

उत्तर नोंदले गेले. बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, "तुम्ही आपलाच दावा बुडवलात." आम्ही काही बोललो नाही. त्या रात्री मात्र कित्येक महिन्यांनी स्वस्थ झोप लागली.

पुढच्या तारखेस आम्हीच विनंती केली आणि प्रकरण लोकन्यायालयात गेले. तेथे ना जय, ना पराजय. दोन्ही पक्षांनी मान्य केले तेच लिहिले जाते; त्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. वाट साडेचार फूट, कायमची, असे लिहिले गेले. काकूंनी सही केली आणि विचारले, "भिंत आता कुठून घालणार?"

"वाट सोडून, काकू. तुम्ही दाखवाल तेथून."

वडिलांची म्हण खोटी नव्हती. पण आता आम्ही मुलांना ती थोडी निराळी सांगतो: पायरी चढावी लागलीच, तर घरी बोलायची हिंमत झाली नाही ते खरे तेथे तरी बोलावे. न्यायालय माणसाचे मन वळवीत नाही, ते त्याचे काम नव्हे. ते फक्त विचारते आणि उत्तराची वाट पाहते.

भिंत झाली, आणि तिला एक फाटक आहे. त्याला कडी आहे, कुलूप नाही.