माणसाचा पास, घोड्याचा पास

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी तीन रविवार एकच फॉर्म घेऊन बसत होते. नाव, जन्मतारीख, पत्ता इथपर्यंत काही अडलं नाही. पुढे स्वाराचा नोंदणी क्रमांक, त्याखाली घोड्याचा, त्याखाली मालकाचं नाव आणि सगळ्यात शेवटी 'कोणत्या क्लबतर्फे'. या चारांपैकी एकही रकाना मला भरता येईना.

घोड्यावर मी नवी नाही, स्पर्धेत मात्र अगदी नवी. दुर्गच्या पुढे राजनांदगावच्या रस्त्यावर अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या एनसीसीच्या आर अँड व्ही, म्हणजे रिमाउंट अँड व्हेटरनरी विभागात मी घोडा शिकले, 'सी' सर्टिफिकेटही मिळवलं. तिथे घोडा सरकारी, खोगीर सरकारी, आणि कुठे जायचं तर नावं वरूनच जायची. घोड्यालाही कागद लागतात, हे मला त्या वर्षांत कधी कळलंच नाही. कॉलेज संपलं, गणवेश उतरला, त्याबरोबर घोडाही गेला.

सात वर्षांनी पुन्हा खोगिरावर बसले ती राजामुळे. रेसमधून निवृत्त झालेला हा घोडा दुर्गजवळच्या एका शेतकऱ्याने घेतला होता. त्यांना मी भैया म्हणते. रविवारी पहाटे मी त्यांच्या शेतावर जाते. तिथे आम्ही बांबूचे अडथळे रचले आहेत. राजा त्यावरून जायला लागला, तशी मला खुल्या स्पर्धेत सगळ्यात कमी उंचीच्या गटात उतरायची ओढ लागली.

म्हणून एका मोठ्या शहरातल्या क्लबला फोन केला. "आधी मेंबरशिप घेऊन टाका," असं उत्तर आलं. मी वर्षाची वर्गणी भरली. दोन महिन्यांनी कळलं की ते सभासदत्व त्यांच्या मैदानापुरतं आणि त्यांच्या घोड्यांपुरतं होतं. राष्ट्रीय महासंघाकडची स्वाराची नोंदणी वेगळी, आणि ती माझी झालेलीच नव्हती. ते पैसे गेले. त्याचं वाईट वाटलंच, पण 'मेंबर' या एकाच शब्दाचे इतके अर्थ आहेत हे कुणीही आधी सांगितलं नाही, ते जास्त लागलं.

शेवटी उलगडा बाबांनी केला. बाबांची सगळी नोकरी भिलाई स्टीलमध्ये गेली. फॉर्म वाचून ते म्हणाले, "अगं, गेटवर माणसाचा पास वेगळा, गाडीचा वेगळा, मालाचा वेगळा. ट्रकचा ड्रायव्हर ओळखीचा आहे म्हणून ट्रक आत जात नाही." एवढं ऐकलं आणि मी कोरा कागद घेऊन चार घरं आखली.

पहिलं घर माझं. देशातला खेळ भारतीय अश्वारोहण महासंघ, म्हणजे ईएफआय चालवतो. त्याच्या स्पर्धांना स्वाराची नोंदणी त्यांच्याकडे लागते. त्याच्या वर एफईआय ही जागतिक संघटना, १९२१ साली स्थापन झालेली, मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझानला. तिची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, पण ती तिच्या स्पर्धांपुरती. मी दोन्ही एकच समजत होते. वयाचंही तसंच. शेजारची मुलगी डिसेंबरात चौदा पूर्ण करेल, पण एफईआयच्या हिशेबात ती त्या वर्षीच्या जानेवारीपासूनच ज्युनियर गटात उतरू शकते. तिथे वाढदिवस पाहत नाहीत, वर्ष पाहतात.

दुसरं घर राजाचं, आणि इथे मी सगळ्यात जास्त रमले. भैयांनी लोखंडी पेटीतून त्याचं जुनं ओळखपुस्तक काढलं. रेसचा घोडा असल्यामुळे त्याची जन्मनोंद स्टड बुकात होती. हे काम पुण्यात चालतं. पुस्तकात राजाचं नाव दोन शब्दांचं, इंग्रजी; राजा हे नाव फक्त तबेल्यात. एका पानावर घोड्याची छापील बाह्याकृती: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. अंगावरचं पांढरं लाल शाईने रंगवलेलं, कपाळावरचा पट्टा आणि मागच्या डाव्या पायातला मोजा. जिथे जिथे केसांचा भोवरा, तिथे काळी फुली. मला एकदम सारंगखेड्याची यात्रा आठवली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या घोडेबाजारात जाणती माणसं घोड्याचे भोवरे बघतात, गळ्यावरच्या भोवऱ्याला देवमणी म्हणतात, तो शुभ मानतात. कागद करणाऱ्यांना शुभ-अशुभाशी देणंघेणं नाही, पण तेही भोवरेच मोजतात, कारण दोन घोड्यांचे भोवरे सहसा जुळत नाहीत.

या घरातच आरोग्याचे दाखले येतात. ग्लँडर्स हा जीवाणूमुळे होणारा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावं लागतं. रक्ताचे नमुने तपासणारी देशातली मुख्य प्रयोगशाळा हरियाणात हिस्सारला, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात. इन्फ्लुएन्झाच्या लसीबद्दल एफईआयचा नियम असा, की स्पर्धास्थळी पोचण्याआधीच्या सहा महिने एकवीस दिवसांत ती दिलेली हवी, आणि शेवटच्या सात दिवसांत दिलेली नको. हे वाचून मला त्रास झाला नाही. एका मैदानावर पन्नास घोडे शेजारी शेजारी बांधायचे तर हे हवंच. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला घ्यावी लागली. अशा नियमांची झळ आपल्या स्वारांनाही बसली. हांगझोऊच्या एशियाडमध्ये, २०२३ साली, आपल्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, संघाने सुवर्ण जिंकलं. त्यातली सुदीप्ती हाजेला इंदूरची, हृदय छेडा मुंबईचा, पण तयारी त्यांना युरोपात राहून करावी लागली.

तिसरं घर मालकाचं. पुस्तकात अजून रेसच्या काळातल्या मालकाचं नाव होतं. भैयांनी घोडा घेतला, पैसे दिले, नाव मात्र बदललं नव्हतं. त्यासाठी दोन सह्या हव्यात, त्यातली एक परगावच्या माणसाची.

चौथं घर, क्लब. इथे मी अजूनही अडले आहे आणि इथेच मला राग येतो. माझ्या आसपास संलग्न क्लब मला सापडला नाही. महासंघात मताचा हक्क राज्य संघटनांचा की क्लबांचा, हा वाद तर दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठ्या शहरातल्या मुलाला क्लब आपोआप मिळतो, आम्हाला तो शोधत फिरावं लागतं. घोड्याचे कागद घोड्यासाठी आहेत, ते मी आनंदाने करेन. पण 'तुम्ही कुणाच्या?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

या खेळात हा प्रश्न जुना आहे. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या वेळी लष्करातून फक्त अधिकाऱ्यांनाच उतरता येई. संघातला गेनाल पर्सन सार्जंट दर्जाचा, म्हणून त्याला स्पर्धेपुरतं लेफ्टनंट केलं आणि नंतर पुन्हा खाली आणलं. ते उघड झालं, आणि १९४९ साली पदक काढून फ्रान्सला दिलं. त्याच्या स्वारीत काही खोट नव्हती, खोट हुद्द्यात होती. पुढे नियम बदलला, आणि १९५२ व १९५६ ला तोच पर्सन सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. महिलांनाही १९५२ लाच ड्रेसाजमध्ये प्रवेश मिळाला, आणि पोलिओने पाय अधू झालेली डेन्मार्कची लिस हार्टेल रौप्यपदक घेऊन गेली. तोवर कितीजणी दाराबाहेरच राहिल्या असतील, हे मनातून जात नाही.

माझी चार घरं मी एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून काढली आहेत, कुठला कागद कशाचा, कुणाकडून आणि कशाआधी कशाला हात घालायचा, एवढंच. अंजोऱ्याहून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना ते पान देणार आहे.

गेल्या रविवारी डॉक्टर शेतावर आले. भैयांनी मोरखी धरली. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी लावली, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. मग कातडीखालची मायक्रोचिप वाचणारा स्कॅनर मानेच्या डाव्या बाजूवर फिरवला. दोनदा काहीच झालं नाही. राजाने कान मागे टाकले, तशी मी त्याच्या आयाळीत हात घातला. तिसऱ्यांदा यंत्र वाजलं. डॉक्टर पडद्यावरचे आकडे वाचू लागले आणि मी पुस्तकावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेले. पंधराच्या पंधरा जुळले.

"वही है," भैया म्हणाले, आणि मोरखी सोडून त्यांनी राजाला गूळ दिला.