नळीवरचं नाव

लेकीकडे अमेरिकेत गेलो ते पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला. शेजारी एक म्हातारा, मक्याचा शेतकरी. माझं इंग्रजी दहावीपुरतं, पण लेक मध्ये बसली की आमचं जमायचं. एकदा त्यानं भिंतीवरची बंदूक खाली काढली. उभी धरली तर माझ्या हनुवटीला लागली. मॅपलच्या लाकडाचा दस्ता, त्यावर वाघासारखे पट्टे. दस्त्यात पितळी झाकणाची डबी, चरबी लावलेल्या चिंध्या ठेवायला.

घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले, की ही 1776 ची, स्वातंत्र्ययुद्धातली. घोड्याखालच्या पट्टीवर नाव कोरलंय तोच कारागीर. आता नातवाला द्यायची म्हणून म्हाताऱ्याला सगळं नीट लिहून ठेवायचं होतं.

आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, त्यामुळे माझी नजर आधी घोड्यावर गेली. पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली. म्हणजे ही मुळात गारगोटीवर उडणारी. गारगोटीचं सामान काढून मागाहून केपेवर केलेली. म्हाताऱ्यानं हे कधी बघितलंच नव्हतं!

मग आम्ही एका जाणकाराकडे गेलो. त्यानं सांगितलं, इथले जर्मन कारागीर नळी, दस्ता स्वतः करायचे, पण घोड्याची पट्टी पुष्कळदा इंग्लंडहून आलेली तयार घ्यायचे. पट्टीवरचं नाव पट्टीवाल्याचं. बंदूकवाल्याचं नाव नळीच्या माथ्यावर, तेही घातलं तर. आणि वय दस्ता सांगतो. जुने दस्ते जाड, रुंद. पुढे ते बारीक झाले, खांद्याकडची कड कोयत्यासारखी वाकली. ही चांगलीच वाकलेली होती. 1820 च्या आसपासची, फार मागे नाही.

लेक म्हणाली, "बाबा, हे मी यांना कसं सांगू?" सांगायची गरज पडली नाही, ते इंग्रजीतच चाललं होतं. म्हातारा टोपी हातात घेऊन बसून राहिला.

घरी येऊन नळीला तेल लावून पुसली, टॉर्च तिरपा धरला. दोन अक्षरं उमटली, दुसरं अर्धंच. तिकडे जुन्या कराच्या याद्यांत माणसापुढे धंदाही लिहिलेला असतो, आपल्या फेरफारासारखी जुनी दप्तरं जपून ठेवलेली. जुळणारी तीन नावं निघाली. म्हाताऱ्यानं तिन्ही लिहून घेतली, 1776 वर रेघ मारली. पुसलं मात्र नाही.

आमची बंदूक दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची, परत आणायची. वडील गेल्यावर कंटाळून मी ती कायमची देऊन टाकली. तिच्याही नळीवर काहीतरी कोरलेलं होतं. लहानपणी त्यावरून बोट फिरवायचो, वाचलं कधी नाही.

रात्री गावी थोरल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "परवाना ट्रंकेत असेल बघ. त्यावर नंबर तरी मिळेल."

ट्रंकेची किल्ली माझ्या बॅगेत होती, लँकेस्टरला.