पांढरं राहिलेलं

मोल्डवर काचेच्या धाग्यांची कोरडी मॅट पसरली की ती पांढरीशुभ्र दिसते. रेझिन आत मुरलं की तो रंग नाहीसा होतो आणि खालचा जेलकोट, म्हणजे होडीचा सर्वांत बाहेरचा थर, आरपार दिसू लागतो. काच आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, साधारण १.५५. त्यामुळे उजेड एकातून दुसऱ्यात जाताना अडत नाही. पांढरी दिसत होती ती धाग्यांत अडकलेली हवा. सिंधुदुर्गात खाडीकाठी फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीची सगळी नजर या पांढऱ्यावर घडली. गेल्या पावसाळ्यापासून नेमकं तेच त्याला दिसेनासं झालं आहे.

‘मामा, हयसर पांढरा रवला हा,’ भाचा बॅटरी धरून सांगतो. मिस्त्री वाकतो, डोळे बारीक करतो. त्याला काही दिसत नाही. तरीही रोलर तो भाच्याच्या हाती देत नाही. यात अहंकार आहे, हे तो स्वतःच बोलून दाखवतो.

नखाएवढ्या पांढऱ्या ठिपक्यावरून एवढा जीव का टाकायचा? काचेचा धागा ताणाला विलक्षण बळकट असतो. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की काचेचा धागा जितका बारीक, तितका तो मजबूत. त्यांचे सर्वांत बारीक धागे साध्या काचेच्या जवळजवळ वीसपट ताण सोसत होते. कारण जाड काचेला तिच्या अंगावरच्या सूक्ष्म चिरा मारतात. पण सुटा धागा दाबाला टिकत नाही, चटकन वाकतो. रेझिन एकटं ठिसूळ. ते धाग्याला जागेवर धरतं आणि एक धागा तुटला तर त्याचा भार शेजारच्यांवर सोपवतं. ही सोपवासोपवी काच आणि रेझिन जिथे चिकटतात तिथेच होते. म्हणूनच कारखान्यात धाग्यावर सिलेनचा हात फिरवलेला असतो. त्याचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. मध्ये हवा राहिली तर धरायला काही उरत नाही, आणि पुढे पाणी वाट काढतं तेही तिथूनच.

मग भरपूर रेझिन ओतावं, म्हणजे पांढरं राहणारच नाही? इथे मिस्त्रीचा आवाज चढतो. रेझिन कमी पडलं तर पांढरं दिसतं, जास्त झालं तर काहीच दिसत नाही. थर स्वच्छ, पारदर्शक, देखणा होतो; पण जड आणि ठिसूळ. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे किलोभर किंवा थोडं वर रेझिन पुरतं, विणलेल्या रोविंगला काचेच्या वजनाइतकंच. त्यापुढचं सगळं रोलरने पिळून बाहेर काढायचं. कमी पडलेलं डोळ्यांना कळतं; जास्त झालेलं हाताला कळावं लागतं, रोलरखाली थर किती घसरतो त्यावरून. हा अंदाज आपल्याइतका किनाऱ्यावर कुणाला नाही, असं तो आजही मानतो. भाच्याने वजनकाटा आणला तेव्हा त्याला अपमान वाटला होता. आता बादली काट्यावर ठेवली जाते, पण आकडा वाचण्याआधी तो आपला अंदाज मोठ्याने सांगतो.

त्याचा खरा राग रंगावर आहे. जेलकोटमध्ये पिगमेंट असावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण काही जण आतल्या प्रत्येक थराच्या रेझिनमध्ये निळा-पांढरा रंग कालवतात. थर आंधळा होतो, हवा कुठे राहिली ते कुणालाच दिसत नाही. वर खडूची पावडर घालून रेझिन वाचवतात. गिऱ्हाईक जाडी विचारतं आणि भाव विचारतं. मग तेवढीच जाडी स्वस्तात निघते. अशा होडीचा तळ मिस्त्री बोटाच्या पेराने ठोकून बघतो आणि बद्द आवाज आला की पुढे बोलत नाही.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे होड्या दुरुस्तीला येतात त्या नेमक्या याच दिवसांत. हवा ओली, मॅटने ओल धरलेली. मॅट ओली असेल तर रेझिन नीट धरत नाही, की नीट सुकतही नाही. रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बल्बच्या उबेला ठेवावे लागतात. हार्डनर किती टक्के घालायचा हे रोज सकाळी नव्याने ठरतं. हार्डनर आणि त्याला वेग देणारा कोबाल्ट मात्र तो अजून स्वतःच्या हाताने, एकमेकांपासून लांब ठेवून रेझिनमध्ये घालतो. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

भाच्याच्या डोक्यात व्हॅक्यूम आहे. कोरडं कापड मोल्डवर पसरायचं, वर प्लॅस्टिक सील करायचं, हवा ओढून घ्यायची आणि त्या ओढीने रेझिन आत येऊ द्यायचं. काचेचं प्रमाण वजनाने साठ टक्क्यांच्या वर जातं; मॅट हाताने बसवली तर ते तिशीच्या आसपास राहतं. तो गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादई’चं नाव घेतो. लाकडाचा गाभा आणि फायबरग्लासची कातडी असलेल्या त्याच शिडाच्या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मिस्त्री ते काम मानतो. पण वाळूवर उलटी ठेवलेली, मिठाने आणि डिझेलने माखलेली जुनी होडी पिशवीत कशी घालायची, हा त्याचा प्रश्न आहे, आणि भाच्याकडे त्याचं उत्तर नाही. म्हणून सध्या ठरलं आहे ते असं: नवीन मोल्डवर भाचा पंप लावेल, दुरुस्ती हातानेच होईल. त्यात मिस्त्री रोलर फिरवेल, भाचा बॅटरी घेऊन मागून येईल आणि जिथे पांढरं राहिलं तिथे बोट ठेवेल.