व्याधाचा थोरला जोडीदार

थंडीतल्या आकाशदर्शनात ताऱ्यांच्या आयुष्याची गोष्ट बहुतेक जण मृगातल्या काक्षीपासून सुरू करतात. तांबडा, फुगलेला, आज ना उद्या फुटणारा. लोक खूश होतात, पण पुढे सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आज रात्री फुटेल का? म्हणून मी मृगातल्या बाणाची रेघ खाली वाढवून मंडळींना आधी व्याधाकडे नेतो.

व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण दुप्पट आणि तेज मात्र २५ पट. एवढं सांगून मी गप्प बसतो, हिशेब त्यांनाच करू देतो. इंधन दुप्पट, खर्च २५ पट; सूर्याला १,००० कोटी वर्षं पुरत असेल, तर व्याधाला किती? ८० कोटी. नेमकी गणितं याहून थोडी जास्त वर्षं देतात, पण अंधारात तोंडी हिशेबाला एवढं पुरे. मग कुणीतरी म्हणतंच, ‘‘सर, उलटं झालं की! जास्त माल त्याला जास्त दिवस पुरायला हवा.’’

इथे उधळ्या श्रीमंताचा दाखला द्यायचा मोह होतो. सगळेच देतात, मी सोडून दिला. उधळपट्टी मर्जीने होते. ताऱ्याला मर्जी नाही. त्याच्या अंगावर त्याचंच ओझं आहे, आणि ते पेलायचं तर गाभ्यात तेवढा दाब हवा. ओझं जास्त, म्हणून गाभा जास्त तापलेला. आणि हायड्रोजनचं हेलियम होण्याचा वेग तापमान किंचित वाढलं तरी भलताच वाढतो. वस्तुमान आणि तेज यांचं हे नातं एडिंग्टनने १९२४ साली मांडलं, ते अणुगर्भातल्या त्या प्रक्रिया कुणाला नीट उमगण्याआधी. मला याचं अजून नवल वाटतं.

खरी गंमत व्याधाच्या शेजारी आहे. १८४४ मध्ये बेसेलने व्याधाची वाकडीतिकडी चाल पाहून जवळ कुणीतरी न दिसणारा आहे, असं सांगितलं. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क नवं भिंग तपासत होता, तेव्हा तो दिसला. तो श्वेतबटू आहे: पृथ्वीएवढा आकार, सूर्याएवढं वस्तुमान, तेज व्याधाच्या दहा हजारांश. दोघं ५० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात; त्या फिरण्यावरूनच त्यांची वजनं कळली. व्याध आपल्याकडे लंडनपेक्षा खूप वर चढतो, त्यामुळे मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा असेल तर प्रयत्न करून पाहावा. पुढाऱ्याच्या गाडीच्या दिव्याशेजारी काजवा शोधण्यासारखं काम आहे.

दोघं जन्मले एकत्र, सुमारे २३-२४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पृथ्वीवर डायनासोर यायच्या सुमारास. मग एक भर तारुण्यात आणि दुसऱ्याची राख कशी? कारण गेलेला थोरला होता, वस्तुमानाने सूर्याच्या पाचपट किंवा थोडा अधिक. दहा-बारा कोटी वर्षांत गाभ्यातलं इंधन संपलं, बाहेरचं आवरण अवकाशात गेलं, उरला तो हा गाभा. ‘‘म्हणजे मोठा भाऊ आधी गेला,’’ एक आजी म्हणाल्या होत्या. त्यावर मी काही भर घातली नाही.

दीर्घायुषी ताऱ्यांची मात्र पंचाईत आहे: ते दाखवताच येत नाहीत. शेजारपाजारचे बहुतेक तारे तांबडे बटू, पण नुसत्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा त्यांतलाच, सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढा. मंद जळतो, शिवाय आतला सगळा वायू ढवळत राहिल्याने सगळंच इंधन वापरतो. सूर्य गाभ्याजवळचा दहावा हिस्साच वापरू शकतो. प्रॉक्झिमा काही लाख कोटी वर्षं जगेल. विश्वाचंच वय १,३८० कोटी, म्हणजे असा एकही बटू अजून म्हातारपणाने मेलेला नाही. डोळ्यांना दिसणारं आकाश हे असं फसवं आहे. तिथे गर्दी झगमगत्या अल्पायुषींची.

शेवटी कुणी विचारतं, तो थोरला जिवंत असताना दिसायचा कसा? मग मी दुर्बीण कृत्तिकांकडे वळवतो. वय दहा कोटी वर्षांच्या थोडं पुढे, आणि त्यांतले सर्वांत ठळक निळसर तारे सूर्याच्या पाच-सहापट. थोरला साधारण याच बांध्याचा. त्यांच्याहून भारी भावंडं या पुंजक्यात जन्मली असतील, तर ती आता तिथे नाहीत.