चारही पाय जमिनीवर

माझ्याकडे येणारा पहिला फोन बहुधा तक्रारीचाच असतो. अंगावर उड्या मारतो. पट्टा इतका ओढतो की खांदा दुखतो. बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. केर काढायला येणाऱ्या मावशींच्या साडीचा पदर सोडत नाही. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये जाऊन घरचे कुत्रे शिकवणं हे माझं काम आहे. या सगळ्या तक्रारींवर माझा पहिला प्रश्न एकच असतो: त्या वेळी त्यानं काय करायला हवं आहे? पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग उत्तर येतं, "काही करायला नको हो, फक्त उड्या मारू नयेत."

सगळं अडतं ते इथे. 'उडी न मारणं' ही काही कृती नाही. ती कुत्र्याला करून घेता येत नाही आणि शाबासकी नेमकी कोणत्या क्षणी द्यायची, तेही ठरवता येत नाही. चारही पाय जमिनीवर ठेवणं ही मात्र कृती आहे. बसणं ही कृती आहे. बसलेला कुत्रा त्याच वेळी उडी मारू शकत नाही. जे नको आहे त्याच्या जागी काय हवं ते आधी ठरवायचं आणि तेवढंच शिकवायचं, यावर माझं सगळं काम उभं आहे.

उडीचंच बघा. पिल्लू आपल्या तोंडाशी येऊ पाहतं, कारण ओळख करून घ्यायची त्याची रीतच ती आहे. दोन महिन्यांचं पिल्लू गुडघ्यावर पाय ठेवतं तेव्हा आपण वाकून त्याला कुरवाळतो. तेच लॅब्रॅडोर वर्षाचं होऊन तीस किलोचं झालं की आजीच्या अंगावर झेपावतं आणि मग घरात आरडाओरडा होतो. त्याच्या लेखी नियम काहीच बदललेला नसतो. हातांनी ढकललं तर तो खेळ वाटतो, ओरडलं तर निदान आपल्याकडे कुणी पाहिलं याचा आनंद होतो. म्हणून मी घरात शिरते ती हाताची घडी घालून. उडी आली की नजर दुसरीकडे वळवते. ज्या क्षणी चारही पाय फरशीला टेकतात, त्या क्षणी "शाब्बास", आणि खाऊ खाली, त्याच्या पायांशी. वरून दिला तर तो घ्यायला पुन्हा उडी येते.

क्षण महत्त्वाचा आहे. पाय टेकल्यावर आपण खिशात हात घालून प्लॅस्टिकची पिशवी सोडवत बसलो, तर तोवर कुत्रा पुन्हा वर आलेला असतो आणि बक्षीस मिळतं उडीला. यावरचा उपाय जुना आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राणी कसे शिकवावेत यावर लेख लिहिला. बोटानं दाबलं की टिक वाजणारं मुलांचं खेळणं घ्या, असं त्यात सुचवलं होतं. आधी टिक, मागून खाऊ. हे जुळलं की तो आवाजच कुत्र्याला सांगतो, 'हे, आत्ता केलंस ते, बरोबर.' पुढे कॅरन प्रायर या बाईंनी हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवले ते शिट्टीच्या आवाजावर, आणि १९८४ साली 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक लिहून ती रीत घराघरांत नेली. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. त्याच्यावर ओरडलं तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. त्याला काय हवं ते सांगण्यावाचून माणसाकडे दुसरा मार्गच उरत नाही. कुत्रा मात्र निघून जात नाही, सोसतो. त्याच्या या सोसण्याचा माणसानं फार गैरफायदा घेतला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिक वाजवणारं यंत्र नसलं तरी चालतं, एक छोटा शब्द पुरतो. भाषा कोणतीही चालते. "बस", "थांब", "ये", "सोड", "जागेवर" हे शब्द कुत्रे उत्तम शिकतात. फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायला हवा. बाबा "डाउन" म्हणणार, मुलगी "खाली" म्हणणार आणि आजी "अरे बाळा, नको ना रे" म्हणणार, अशा घरात कुत्र्याची चूक काढायला जागाच राहत नाही.

खाऊ म्हटला की हमखास विचारलं जातं, "ही लाचच झाली ना?" लाच आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. मी पगार देते. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, ते कधीच देऊ नयेत. काम पक्कं झालं की खाऊ दर वेळी नाही, अधूनमधून द्यायचा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते 'जागेवर' शिकवायला. एक लहान सतरंजी अंथरायची. कुत्र्यानं तिच्यावर पाय ठेवला की शाब्बास. मग तिच्यावर बसला की, मग पोट टेकून पडला की. तो पडून राहिला तर खाऊ सतरंजीवरच, त्याच्या पंजांमध्ये ठेवायचा, म्हणजे उठायचं कारण राहत नाही. आधी मी शेजारी उभी असते, मग एक पाऊल मागे, मग दारापर्यंत जाऊन परत. घाई केली की कुत्रा उठतो आणि आपण मागच्या पायरीवर येतो. त्यात वाईट काही नाही. हे जमलं की बेल आणायची. घरातलंच कुणी बाहेर जाऊन बेल वाजवतं आणि आत आपण लगेच "जागेवर" म्हणतो. पुष्कळ वेळा केल्यावर एक दिवस बेल वाजते, कुणी काही बोलत नाही आणि कुत्रा आपणहून सतरंजीकडे चालू लागतो. ज्या आवाजावर तो घर डोक्यावर घ्यायचा, तोच आवाज आता त्याला जागा दाखवतो. दार उघडून पार्सल घेता येतं. मावशी निर्धास्त आत येतात. कुत्र्याला आतल्या खोलीत कोंडावं लागत नाही. माणसांत बसायला मिळणं हे त्याच्यासाठी चिकनच्या तुकड्याहून मोठं आहे.

पट्टा ओढण्याचंही तसंच. पट्टा ताणला की मी थांबते, सैल झाला की चालते. आपल्या शेजारून चालणाऱ्या कुत्र्याला गुडघ्याशी खाऊ मिळतो. गळा आवळणारी साखळी मी वापरत नाही. समोरून दुसरा कुत्रा आला आणि त्याच क्षणी गळ्याला हिसका बसला, तर दुखण्याची गाठ त्या दुसऱ्या कुत्र्याशी बांधली जाते. महिन्याभरानं तो प्रत्येक कुत्र्यावर का धावून जातो, हे मग घरच्यांना कळत नाही.

"त्याला दाखवायला हवं ना, घरात मालक कोण ते," असं सांगणारे अजून भेटतात. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले लांडगे पाहून १९४७ साली त्यांच्यातल्या चढाओढीचं वर्णन केलं. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या 'द वुल्फ' या पुस्तकानं ते सर्वदूर पोचवलं. रानातल्या कळपांचा वर्षानुवर्षं अभ्यास केल्यावर खुद्द मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की तिथला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. आपलंच पुस्तक पुन्हा छापू नका, असं ते प्रकाशकाला सांगत राहिले. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला राज्य बळकावायचं नसतं. पुढे काय करायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

'नको' शिकवण्याचा सगळ्यात घातक प्रकार म्हणजे गुरगुरणं बंद करणं. कुत्रा जेवत असताना मूल जवळ येतं. कुत्रा आधी थबकतो, ओठ चाटतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. कुणाच्या लक्षात येत नाही. मग तो गुरगुरतो आणि त्याला फटका बसतो. असे फटके खाऊन कुत्रा गुरगुरायचं सोडतो, भीती मात्र जिथल्या तिथे राहते. पुढचा चावा मग न सांगता येतो आणि लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावला." गुरगुरणाऱ्या कुत्र्यानं आपल्याला सूचना दिलेली असते. मुलाला आधी बाजूला घ्या. शांत कुत्रा अचानक गुरगुरू लागला तर पहिल्यांदा पशुवैद्याला दाखवा, कान किंवा सांधे दुखत असतील. मग भांड्याचं काम: लांबून यायचं, भांड्यात काहीतरी चांगलं टाकायचं आणि निघून जायचं. माणूस जवळ येतो तेव्हा काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला पटलं की गुरगुरायची गरज पडत नाही. हे काम मोठ्या माणसांनी करायचं, मुलांनी नाही.

पिल्लांबद्दल एक सांगायलाच हवं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली मांडलं, की साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू जगाची ओळख करून घेतं. लसी पूर्ण व्हायच्या आधीचेच हे दिवस असल्यानं लोक त्याला घरात ठेवतात. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहा, रिक्षा दाखवा, वॉचमनकाकांचा रेनकोट दाखवा, कुकरची शिट्टी ऐकवा. गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तो लांबून, हलक्या आवाजात त्याच्या कानावर जाऊ द्या, आणि सोबत पनीर असू द्या.

यातलं बरंच काम कुत्रा नसलेल्या शेजाऱ्यांच्या हातात असतं. लिफ्टमध्ये एखादा कुत्रा मालकाच्या पायाशी बसलेला दिसला तर त्याला चुचकारून उठवू नका. हात लावायचा असेल तर आधी मालकाला विचारा. तो तुमच्या अंगावर आलाच तर प्रेमानं "असू दे, असू दे" म्हणू नका. जागच्या जागी उभे राहा आणि त्याचे चारही पाय खाली येईपर्यंत थांबा.