बावखलाचं माप

इंजिनिअरिंगच्या मुलांना सर्व्हेइंग शिकवताना बरीच वर्षं मी कॉलेजच्या मैदानातच लेव्हल लावत आलो. तेच दोन खांब, तोच बेंचमार्क. उत्तर मला पाठ आणि वरच्या वर्गाच्या जर्नलांमुळे मुलांनाही. जर्नल जितकं नीटनेटकं, तितके गुण जास्त.

जुलै 2018च्या पावसात वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात राहिलं. नालासोपाऱ्यात रूळ बुडाले. पुराची कारणं शोधायला आयआयटी मुंबई आणि नीरीची समिती नेमली गेली. आमच्या वर्गातला प्रश्न साधा होता, "सर, हे पाणी आधी कुठे जायचं?" पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, एवढं मी फळ्यावर काढलं आणि अडलो.

म्हणून पुढच्या मे महिन्यात आम्ही एका बावखलावर गेलो. बावखल म्हणजे इथल्या बागायत पट्ट्यातलं गोड्या पाण्याचं खोदीव तळं. पूर्वी त्यावर रहाट चालत, आता पंप. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, जमिनीत मुरवतं, भोवतालच्या विहिरी गोड राखतं. वस्ती वाढली तशी अनेक बावखलं भरावाखाली गेली.

मुलांनी टेप धरली, दोरीला दगड बांधून खोली घेतली. लांबी 30 मीटर, रुंदी 20, खोली अडीच. म्हणजे 15 लाख लिटर. मी सही केली. बागेचे मालक केळीला पाणी सोडत होते. म्हणाले, "मास्तर, पंप बंद झाल्यावर मोजा. सकाळी परत मोजा."

संध्याकाळी पातळी 20 सेंटिमीटर उतरली होती. सकाळी पुन्हा आदल्या दिवशीच्या खुणेला टेकली. म्हणजे रातोरात सुमारे 1 लाख 20 हजार लिटर पाणी आलं. कुठून? मुलं न सांगता शेजारच्या विहिरींच्या पातळ्या घ्यायला पळाली. तेवढ्यात एका मुलीनं दाखवलं, की काठ उतरते आहेत. मग लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली कसं चालेल? ते 15 लाख चुकलेच होते, आणि खाली माझी सही.

चुकलेलं रीडिंग खोडरबरानं पुसायचं नाही, त्यावर एक रेघ मारून नवं लिहायचं, हा फील्डबुकाचा जुना नियम. दरवर्षी सांगायचो, स्वतःच्या सहीवर रेघ मारायची वेळ त्या सकाळी आली.

संशोधन ही एम.टेक.नंतरची गोष्ट, असं आपण मुलांना उगाच सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही टेप, दोरी, दगड आणि परत मोजायला एक सकाळ पुरते. मात्र त्यासाठी बावखल जागेवर हवं. भराव पडला, की तिथे मोजण्यासारखं उरतं ते फक्त प्लॉटचं क्षेत्रफळ.